उशी गुडघ्याखाली नको

पोरी,

तुझ्या गुडघ्याच्या लिगामेंटचं (हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचं) ऑपरेशन झालंय, तू घरी पडून आहेस, आणि तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला आला, मी तो तीनदा वाचला. "ताई, गुडघ्यापेक्षा घरच्यांचाच जास्त त्रास होतोय" असं लिहिलंस, घरच्यांच्या पाच तक्रारी एकापाठोपाठ सांगितल्यास आणि लगेच खाली हसणारी स्माईली टाकलीस. ती स्माईली मला काय पटली नाही. फोनवर तू बोलणार नाहीस हे माहितीये मला, कारण सोप्यात कॉट टाकलीये आणि अख्खं घर ऐकतंय, म्हणून लिहितेय. सावकाश वाच, आता तुझ्याकडं वेळच वेळ आहे.

आधी एक सांग, आईनं तुझ्या गुडघ्याखाली उशी ठेवलीये का? ठेवलीच असणार. माझ्या आईनं पण ठेवलेली, 1999 ला, पुण्याहून हेच ऑपरेशन करून घरी आले त्या पहिल्या रात्रीच, कापसाची जाड उशी, वर स्वच्छ धुतलेला अभ्रा. पाय जरासा वाकला की बरं वाटतं, ठणका कमी होतो, आणि लेकीचा चेहरा सैल झाला की आईला पण झोप लागते. ती उशी दीड महिना तिथंच होती गं. मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. त्या पायाला जे वाकडेपण राहिलं ते आजही आहे, मैदानावर मी चालताना जरा लंगडते ते तुम्ही पोरी मागून नक्कल करून दाखवता ना, ते काय पकडीत झालेलं नाही, ते उशीचं आहे.

म्हणून उशी काढ आणि टाचेखाली ठेव, नाहीतर टॉवेल घट्ट गुंडाळून टाचेखाली ठेव आणि गुडघा त्याच्या वजनानं खाली सुटू दे, दहा मिनिटं, दिवसातनं चार-पाच वेळा. दुखणार. शिव्या येतील तोंडात. पण लिगामेंटच्या ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत पाय पूर्ण सरळ होणं हे वाकण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं असतं, वाकायला नंतर शिकवता येतं पण सरळ व्हायचा राहिला की फार झगडावं लागतं. आणि आईच्या हातातनं उशी हिसकावून घेऊ नकोस. "आई, इथं नको, इथं ठेव" म्हण आणि तिलाच ठेवू दे. मी हिसकावली नाही पण त्याहून वाईट केलं, एकदा जेवणाचं ताट ढकलून दिलं, भाताची शितं पार उंबऱ्यापर्यंत गेली. आईनं काही न बोलता ती वेचली. पंचवीस वर्षं झाली तरी ती वेचणारी पाठ डोळ्यांपुढनं जात नाही.

तुझी पाचवी तक्रार आधी घेते, कारण खरं दुखणं तिथं आहे असं मला वाटतं. अण्णा बोलत नाहीत, सोप्यातनं जाताना पायाकडं बघतात आणि गोठ्यात निघून जातात. तुला वाटतंय ते चिडलेत, ऑपरेशनचा खर्च झाला म्हणून, पतसंस्थेचं कर्ज काढलं म्हणून. असेलही थोडं, कुणाला नसतं? पण मी त्यांना ट्रायल्सच्या वेळी भेटलेय ना, त्यांच्या डोक्यात एकच गणित होतं, पोरगी कबड्डीतनं राज्यापर्यंत जाईल, पाच टक्के खेळाडू आरक्षण मिळेल, पोलीस भरतीत लागेल. आता गुडघा गेला म्हणजे भरती गेली असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलंय आणि तुला विचारायची त्यांना भीती वाटतीये. तू पण त्यांना विचारत नाहीस. दोघं एका घरात राहून एकमेकांचा निकाल लावून बसलाय.

तर त्यांना आकडे सांग, ते हिशेबाचे गडी आहेत. भरतीची मैदानी चाचणी 50 मार्कांची, त्यात मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, आणि लेखी परीक्षा 100 मार्कांची. लेखीतलं अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान यातल्या कशाला गुडघा लागतो? सरळ रेषेत हळूहळू पळणं फिजिओच्या परवानगीनं साधारण तीन-चार महिन्यांनी सुरू होतं, चढाईला जाणं, झटक्यात वळणं, चवडा सोडवून उडी मारणं हे फार पुढचं. म्हणजे भरती आणि कबड्डी या दोन वेगळ्या तारखा आहेत हे त्यांना कळलं पाहिजे. आणि एक वही कर, त्यात रोज किती अंश वाकला, मांडी मापाच्या टेपनं किती भरली ते लिही, आणि टेप अण्णांना धरायला लाव. खरंच सांगते, बापाला बोलायला येत नाही पण मोजायला येतं.

आता वहिनीचं. "वहिनी तोंड वाकडं करते" असं लिहिलंयस. अगं ती पहाटे पाचला उठून दोन म्हशींचं शेण काढते, धार काढते, डेअरीला दूध घालते, पोराचा डबा करते, त्यात आता तुझं पाणी, तुझा बेडपॅन, तुझे कपडे. मी असते तर तोंडच काय मान पण वाकडी केली असती. तू तिची नणंद आहेस, पेशंट नंतर. बसल्या जागी जे होतं ते मागून घे, कुणी देईल म्हणून थांबू नकोस, लसूण सोल, मेथी निवड, शेंगा फोड, डेअरीच्या पावत्यांचा फॅट-एसएनएफचा, म्हणजे दुधातल्या स्निग्धतेचा आणि बाकी घन भागाचा, हिशेब तू ठेव, भाच्याचे पाढे तू घे. पाय लांब करून खुर्चीत बसून हे सगळं होतं. घरात पडून राहिलेलं माणूस आणि घरात बसून काम करणारं माणूस यांच्याकडं घरचे वेगळ्या नजरेनं बघतात, हे बरोबर आहे की चूक आहे ते मला माहीत नाही, पण असंच आहे.

संडास अंगणापलीकडं आहे आणि भारतीय बैठकीचा आहे, याची लाज वाटून तू पाणीच कमी पितेस हे तू लिहिलं नाहीस पण मला माहितीये, आम्ही सगळ्यांनी हेच केलंय. असं करू नकोस. जुन्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून घ्यायचं, कडा घासून गुळगुळीत करायच्या, खुर्चीचे पाय हलतात का बघायचं आणि ती संडासाच्या भांड्यावर ठेवायची, दादाला अर्ध्या तासाचं काम आहे. पाळीच्या दिवसांत तर हे लागणारच, त्याबद्दल वहिनीशी स्पष्ट बोल, दादाला सांगायचं ते ती सांगेल. आणि सकाळी अंगण सारवलेलं ओलं असतं तेव्हा कुबड्या घेऊन मुळीच निघायचं नाही, कुबडीचं रबर झिजलंय का ते बघ. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे आजीला पण पाठ करून ठेव, ती ओरडून आठवण करेल.

आजीचं तेवढं राहू दे. मीठ-मोहरीनं दृष्ट काढू दे, डिंकाचे लाडू करू दे, खा. फक्त लाडवानं मांडी भरत नाही, तिला म्हण अंडी, मटकी, डाळ, दही पण वाढ. पण ती जो शेजारच्या गावातला चोळणारा आणायचं म्हणतीये ना, तिथं ठाम नाही म्हणायचं. ऑपरेशननंतर पोटरीत रक्ताची गाठ होऊ शकते आणि चोळल्यानं ती सुटून छातीत जाऊ शकते. पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर रात्र असली तरी लगेच. ताप आला, ऑपरेशनच्या टाक्यांतनं पाणी आलं तरी तसंच. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला कातडी बधिर लागतीये त्याला मात्र घाबरू नकोस, चिरा घेताना तिथल्या बारीक नसा कापल्या जातात, बऱ्याच जणींना होतं. बर्फ ठेवताना टॉवेलमधनं ठेव, पंधरा-वीस मिनिटं, त्या बधिर जागेवर भाजलेलं कळत नाही.

बघायला येणारे येतीलच. केळी आणि पार्ले-जी आणतील, चहा पितील आणि जाताना दारात आईला म्हणतील, "आता खेळ बास, स्थळं बघा, गुडघ्याचं सांगू नका पुढच्यांना." हे ऐकू आलं म्हणून तू रात्री रडलीस ना? त्यांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. आईला एकटीला विचार की तुला काय वाटतं. माझ्या आईनं 2012 ला पाटण्यातला महिलांचा कबड्डी वर्ल्डकप आपण जिंकला, संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा, दीपिका, सुवर्णा होत्या, तेव्हा टीव्हीपुढं बसून माझ्याकडं न बघता विचारलं होतं, "तुझा पाय बरा असता तर तू गेली असतीस का गं?" तेरा वर्षं तिनं तो प्रश्न पोटात ठेवला होता. मी गेले नसते, तेवढी चांगली नव्हते मी, पण हो म्हणाले.

पुढचं नीट ऐक कारण धोका तिथं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तुला एकदम बरं वाटायला लागेल, सूज नाही, दुखणं नाही, कुबड्या कोपऱ्यात. घरच्यांना पण वाटेल झालं, आता धार काढ, घागर आण, लग्नात पंगतीला खाली बस. आणि नेमकं तेव्हाच आतलं नवीन लिगामेंट सगळ्यात कच्चं असतं. मांडीमागच्या स्नायूची दोरी (टेंडन) काढून तिथं बसवलेली असते, ती आधी मऊ पडते, तिच्यात नव्यानं रक्त खेळतं आणि मग हळूहळू ती लिगामेंटसारखी होत जाते, याला महिने लागतात आणि बाहेरनं काही दिसत नाही. म्हणून आत्ताच, सगळे चांगल्या मूडमध्ये असताना, सांगून ठेव की उकिडवं बसणं डॉक्टर सांगतील तेव्हाच, तोपर्यंत धार नाही. मी पाचव्या महिन्यात खेळले, घरी सांगितलं प्रॅक्टिसला चाललेय आणि गेले थेट स्पर्धेला, दुसऱ्याच चढाईत पाय सटकला आणि गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) पण फाटली. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 2016 ला मांडलंय की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितके महिने पुढं ढकलाल तितका गुडघा पुन्हा जायचा धोका दर महिन्याला जवळजवळ निम्म्यानं उतरतो. तेव्हा मला हे कुणी सांगितलं असतं तर ऐकलं असतं का? बहुतेक नाही. तू ऐक.

बाकी व्यायामाचं तुझा फिजिओ सांगेल, त्याच्यावर मी बोलणार नाही.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतीये. स्टँडवर कुणाला पाठवू नकोस, चालत येईन. चहा वहिनीला करायला लावू नकोस, तोवर गॅसपाशी कुबडीवर उभी राहता यायला लागली तर तू कर, नाहीतर दादाला शिकव. आणि आल्या आल्या तुझा पाय कॉटवर सरळ ठेवून गुडघ्याखाली माझा हात सरकतोय का ते बघणार आहे. सरकला तर आईसमोरच बोलणी खाशील.

तुझी,
ताई