रिपोर्ट नॉर्मल आलेत, मग गोळ्या कशाला?

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. १७व्या वर्षी हात थरथरायला लागला, अक्षर पार बिघडलं, आम्हाला वाटलं बारावीचं टेन्शन असेल. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दाखवलं आणि विल्सन डिसीज, म्हणजे शरीरात तांबं साठत जाण्याचा आजार, निघाला. तेव्हापासून पेनिसिलामाइनची गोळी चालू आहे. आता सगळे रिपोर्ट चांगले येतात, नोकरीला लागलाय, बाईक चालवतो. पण परवा पॅन्ट धुवायला टाकताना खिशात न फोडलेली स्ट्रिप सापडली, विचारलं तर म्हणे मी बरा झालोय. दुसरं, माझ्या भावाच्या मुलीशी त्याचं जमवायचं घरात चाललंय, मुलांना हा आजार होईल का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, रिपोर्ट चांगले येतात ते गोळ्यांमुळेच. जास्तीचं तांबं बाहेर टाकायचं लिव्हरचं काम त्याच्यात जन्मापासूनच नीट चालत नाही, ते गोळीने दुरुस्त होत नाही, गोळी फक्त तांबं लघवीवाटे काढत राहते. मोरी तुंबलेलीच आहे, तो रोज लोट्याने पाणी उपसतोय एवढंच. आणि फसगत इथेच होते, कारण गोळ्या सोडल्या की लगेच काहीच होत नाही, काही महिने मस्त जातात, कधी वर्षसुद्धा, आणि मग अचानक कावीळ होऊन लिव्हर बसतं, तेव्हा पुन्हा गोळ्या सुरू करून उपयोग होईलच असं नाही, ट्रान्सप्लांटवर वेळ येते. डॉ. विल्सननी १९१२मध्ये हा आजार मांडला तेव्हा औषधच नव्हतं, तरणी पोरं जायची. पेनिसिलामाइन आलं १९५६मध्ये. आज वेळेत सापडलेले आणि गोळ्या न चुकवणारे पेशंट चारचौघांसारखं आयुष्य काढतात, कुणाच्या बोलण्यात थोडा जडपणा राहतो, कुणाचा हात पूर्ण सुटत नाही, पण संसार नीट होतात.

त्याला ओरडू नका, का चुकवतो ते विचारा. ही गोळी जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायची, ऑफिसमध्ये ते जमत नसेल. त्रास होत असेल तर झिंक किंवा ट्रायन्टिन ही दुसरी औषधं असतात, पण बदल डॉक्टरांनीच करायचा. लघवीतून किती तांबं जातं ते बघायची २४ तासांच्या लघवीची टेस्ट रविवारी करा, लघवी साठवायचा कॅन घेऊन ऑफिसला जायला कोण तयार होणार! सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी कॅनमध्ये.

आता लग्न. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जीन आला तरच हा आजार होतो. नात्याबाहेरची मुलगी असेल तर मुलाला आजार व्हायची शक्यता साधारण २००त १. मामाच्या मुलीचं गणित वेगळं. सदोष जीन तुमच्याकडे आहेच, तो तुमच्या भावाकडे असायची शक्यता निम्मी, त्याच्या मुलीकडे पाव; तुमच्या मुलाकडून सदोष जीन बाळाला जाणारच, तिच्याकडे असला तर तिच्याकडून जायची शक्यता निम्मी, म्हणजे बाळाला आजार व्हायची शक्यता ८त १. मी तरी हे स्थळ असं घाईने पुढे नेणार नाही. तुमच्या मुलाची जीन टेस्ट झालेली असेल तर तोच बदल मुलीच्या रक्तात शोधता येतो, आधी ते करा. त्याला सख्खं भावंड असेल तर त्याचीही तपासणी याच महिन्यात, तिथे शक्यता ४त १ असते, लक्षणं नसली तरी.

तांब्याच्या हंड्यातलं पाणी, कलेजी आणि तिसऱ्या (शिंपल्या) त्याला नकोच.

त्या स्ट्रिपसारख्या अजून किती पडल्यात ते मोजा आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना खरा आकडा सांगा, नाहीतर लघवीतलं तांब्याचं प्रमाण बघून ते भलताच अर्थ काढतील आणि डोस चुकेल.