वाचक विचारतात: दोरावर ५००० किलो लिहिलेलं, तरी तुटला कसा?

प्रश्न: आम्ही तिघं मोठी झाडं वरून तुकडे करत उतरवतो. मागे एका झाडाचा ३०० किलोचा ओंडका सोडला आणि दोर गाठीपाशी तुटला. लेबलवर ५००० किलो होतं. कोणाला लागलं नाही, पण दोर बोगस निघाला का? आता जाड दोर घ्यायचा विचार आहे.

उत्तर: कोणाला लागलं नाही हे वाचून आधी हायसं वाटलं. दोर बोगस असेलही, पण मला नाही वाटत, कारण लेबलवरचा तो आकडा बहुतेक ब्रेकिंग स्ट्रेंथचा असतो, म्हणजे नवाकोरा दोर, गाठ नाही काही नाही, मशीनवर हळूहळू ताणला तर कितीला तुटतो ते. टांगायचं वजन वेगळंच. तुम्ही गाठ मारली तिथेच ३०-४० टक्के ताकद गेली, म्हणजे राहिले ३००० ते ३५०० किलो, आणि दोर जुना असेल तर त्याहून कमी.

आता ओंडक्याचं बघू. कप्पी कापाच्या खाली बांधलेली, ओंडका मीटरभर लांब, वर थोडी ढील, म्हणजे दोर ताणला जाईपर्यंत तो साधारण दीड मीटर मोकळा पडला. खालच्याने दोर घट्ट धरून ठेवला असेल (धरलाच असणार, नवीन पोरं हमखास धरतात) तर थांबायला मिळालं फक्त दोर ताणून लांबला तेवढंच अंतर, समजा ३० सेंटीमीटर. दीड मीटरची पड ३० सेंटीमीटरमध्ये थांबवायची तर सरासरी ओढच वजनाच्या ६ पट, १८०० किलो झाली, आणि दोर जसजसा ताणतो तशी ओढ वाढत जाते म्हणून शेवटच्या क्षणाला ती जवळजवळ दुप्पट, ३६०० च्या आसपास. गाठीपाशीच तुटला त्यात नवल काय!

बरं, दोर वाचला असता तरी वरच्या कप्पीचं काय? तिच्यावर दोराच्या दोन्ही बाजू खाली ओढतात, म्हणजे ३६०० चे ७००० च्या घरात. ते सगळं कप्पीच्या स्लिंगवर (कप्पी खोडाला बांधायचा दोर किंवा पट्टा), शॅकलवर (जोडायची धातूची कडी) आणि ज्या खोडाला ती बांधलीय त्या खोडावर येतं, आणि त्याच खोडावर तुमचा माणूस बसलेला असतो. म्हणून नुसता जाड दोर घेऊन काही होत नाही, दोर टिकेल आणि खोड मोडेल. झाड पोकळ किंवा वाळलेलं असेल तर मी त्याच्यावर झटक्याचं काम घेतच नाही, क्रेन नाहीतर शेजारच्या धडधाकट झाडाचा आधार बघतो.

करायचं काय तर तुकडे लहान करा. लांबी अर्धी केली की वजन अर्धं होतं आणि पडायचं अंतरही घटतं. वजन अंदाजपंचे धरू नका, ओलं लाकूड पाण्याइतकं जड समजा, ६० सेंटीमीटर जाडीचा मीटरभर तुकडा २८० किलोच्या आसपास भरतो आणि जाडी दुप्पट झाली की वजन चौपट. दुसरं म्हणजे खाली लोअरिंग बोलार्ड (बुंध्याला बांधायचं धातूचं नळकांडं) लावा, त्याला वेढे देऊन दोर धावू द्या आणि हळूहळू आवळा. तोच ओंडका ३ मीटर धावून थांबला तर सरासरी ओढ दीडपटच, ४५० किलो. आणि ब्रेकिंग स्ट्रेंथला १० ने भागायची सवय लावा, ५००० चा दोर म्हणजे ५०० किलोची ओढ. वजन नाही, ओढ. धावत्या दोराचा वेढा हाताला कधीच घेऊ नका, हे सांगायला नको पण सांगतो.

प्रश्न: नायलॉन ताणतो, झटका खातो, मग रिगिंगला (ओंडके दोराने उतरवायला) तोच बरा ना?

उत्तर: झटका खातो हे खरं, पण ओंडका खाली-वर नाचतो आणि दोर तुटला तर चाबकासारखा उलटा येतो. ओंडके सोडायला मी डबल ब्रेड पॉलिस्टर (विणलेल्या दोरावर आणखी एक विणलेलं आवरण) वापरतो, थोडा ताणतो, घासायला टिकतो, उष्णताही बऱ्यापैकी सोसतो. डायनिमाचा (खास मजबूत प्लॅस्टिक धाग्याचा) दोर बारीक असून ताकदीला प्रचंड, पण तो ताणत जवळजवळ नाहीच आणि १४५ अंशाच्या आसपास वितळतो, म्हणून स्लिंगला ठीक, बोलार्डवर धावायला नको. स्वस्तातला पॉलिप्रॉपिलीन ऊन लागून कुजतो, त्याने फारतर फांद्या बांधून न्या. आणि दोर थेट दुसऱ्या दोरावरून किंवा स्लिंगवरून धावू देऊ नका, घासून एकाच जागी वितळतो, मध्ये कप्पी हवीच. कप्पीचं चाक दोराच्या जाडीच्या निदान ४ पट घ्या.

प्रश्न: चढायचा जुना दोर ओंडक्यांना वापरला तर चालेल का?

उत्तर: हलक्या फांद्यांना चालेल, ओंडक्यांना नको. पण ओंडक्यांना वापरलेला दोर परत चढायला? अजिबात नाही. मी दोन्हींचे रंगच वेगळे ठेवलेत, म्हणजे घाईत चूक व्हायला नको.

प्रश्न: दोर टाकून कधी द्यायचा? वरून तर चांगला दिसतो.

उत्तर: बघून नाही, हाताने कळतं. दर कामाआधी सगळा दोर बोटांतून सरकवा. कुठे चपटा, कडक, काचेसारखा चकचकीत लागला किंवा आत गाठोडं आल्यासारखं वाटलं तर तो भाग कापा, मधोमध असेल तर दोर बाद. चेनसॉचा ओरखडा, बॅटरीच्या ॲसिडचा डाग, यातलं काहीही दिसलं तरी बाद. आणि तुमच्यासारखा जबर झटका बसला असेल तर वरून काही दिसलं नाही तरी बाद, पहिल्या प्रश्नातला उरलेला तुकडा त्यातच आला. माझ्याकडचे असे दोर मी बोटभर तुकडे करून टाकतो, कारण एकदा बाजूला ठेवलेला दोर आमच्याच एकाने उचलून परत कामाला लावला होता.