ओला कचरा ‘आंबवून’ की ‘पचवून’?

ठाण्यातील एका गृहसंकुलात बायोगॅस संयंत्रासमोर मराठी फलक लावायचा असून, ‘निर्वात टाकीत जीवाणूंच्या साहाय्याने ओला कचरा आंबवून गॅस तयार केला जातो’ हे वाक्य योग्य आहे का, अशी विचारणा झाली आहे. अर्थ पोहोचतो, तरीही त्यातील तीन शब्द बदलावेत, असे माझे मत आहे.

मुख्य आक्षेप ‘आंबवून’ या शब्दाला आहे. ‘आंबट’ आणि ‘आंबणे’ ही एकाच ‘अम्ल’ची भावंडे. टाकीत आधी पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे जलविघटन होते, म्हणजे पाण्याच्या साहाय्याने त्यांचे लहान घटक होतात, मग त्यांपासून सेंद्रिय आम्ले बनतात, पुढे त्या आम्लांचे अ‍ॅसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड होतात आणि शेवटी मिथेनजनक सूक्ष्मजीव त्यांपासून मिथेन तयार करतात. म्हणजे आंबणे हा मधला टप्पा झाला. मिथेनजनकांची वाढ संथ असते आणि त्यांना सामू (pH, आम्ल वाढले की उतरणारा आकडा) साधारण ६.८ ते ७.४ या दरम्यान लागतो. सणासुदीला उरलेले अन्न एकदम टाकीत पडले, की आम्ल त्यांच्या आवाक्याबाहेर साचते, सामू उतरतो, गॅसमधील मिथेन घटून शेगडी नीट पेटत नाही आणि आंबूस वास सुटतो. ‘टाकी आंबली’ असे खरोखर म्हणावे, ते या बिघडलेल्या अवस्थेला. तेव्हा भरण थांबवावे लागते आणि चुन्याने सामू सावरावा लागतो. सुरळीत चालणाऱ्या संयंत्राचे वर्णन त्याच क्रियापदाने करणे मला पटत नाही.

‘कुजवून’ चूक नाही, पण त्यावरून हवेशीर खड्ड्यातले कंपोस्ट डोळ्यांपुढे येते. ‘पचन’ मात्र चपखल आहे, कारण मिथेनजनक गाईच्या पोटातही असतात आणि म्हणूनच नव्या टाकीला शेणाचे विरजण लावतात.

टाकी ‘निर्वात’ नसते, ती वायूने भरलेली असते. म्हणून ‘हवाबंद’ म्हणावे. मिथेनजनक हे जीवाणू नव्हेत, तर आर्किया या वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव आहेत. शास्त्रज्ञ कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये हा गट जीवाणूंपासून वेगळा काढला. ‘सूक्ष्मजीव’ या शब्दात दोन्ही सामावतात.

तेव्हा फलकासाठी हे वाक्य सुचवतो : ‘येथे हवाबंद टाकीत सूक्ष्मजीवांकडून ओल्या कचऱ्याचे पचन होऊन स्वयंपाकासाठी बायोगॅस आणि बागेसाठी स्लरी मिळते.’