डेंटिनला, म्हणजे दाताच्या आतल्या थराला, जोडलेलं रेझिन (दात भरायचं प्लास्टिकसारखं द्रव्य) काही वर्षांत सुटतं. जोड जास्त टिकावा म्हणून काय करता येईल?

इनॅमलवरचा, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण कवचावरचा, जोड सहसा दगा देत नाही, खरं दुखणं डेंटिनचं आहे. जोडण्याआधी लावायच्या ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाने वरचं खनिज विरघळतं आणि कोलॅजनचे तंतू उघडे पडतात. त्यांच्यात रेझिन तळापर्यंत मुरलं नाही, तर डेंटिनमधलीच एमएमपी नावाची विकरं हे तंतू हळूहळू कुरतडतात. शिवाय पाणी रेझिनलाही पोखरत राहतं.

म्हणून डेंटिनवर आम्ल १५ सेकंदांपेक्षा जास्त ठेवूच नका. मी तर म्हणेन, आम्ल फक्त इनॅमलला लावा आणि डेंटिनसाठी १०-एमडीपी हा घटक असलेलं सौम्य सेल्फ-एच (वेगळं आम्ल न लागणारं) बाँडिंग, म्हणजे रेझिन चिकटवणारा द्रव, घ्या. एमडीपी दातातल्या कॅल्शियमला रासायनिक बंधाने धरतं. डेंटिनला आम्ल लावलंच असेल, तर धुतल्यावर २ टक्के क्लोरहेक्सिडिन लावा. ते विकरांना रोखतं, अर्थात कायमचं नाही. आणि त्यानंतर डेंटिन ठणठणीत कोरडं करू नका, तंतू कोलमडतात. पृष्ठभाग ओलसर चमकावा, पण पाणी साचलेलं नको.

सगळ्यात जास्त घाई होते ती बाँडिंग लावताना, आणि तिथेच जोड कच्चा राहतो. नुसतं पुसल्यासारखं न लावता ब्रशने २० सेकंद घासत राहा. मग हलकी हवा मारा. थर लाटेसारखा सरकतोय तोवर बाँडिंग पातळ ठेवणारा द्रावक आतच आहे. थर हलायचा थांबला की मगच तो कडक करणारा लाइट लावा. वरून पाणी न शोषणाऱ्या रेझिनचा एक थर दिलात तर उत्तमच.