हप्ते थकले, नोटीस आली: घर हातचं जाऊ नये म्हणून

प्रश्न: नोकरी गेल्यामुळे गृहकर्जाचे दोन हप्ते थकले आहेत. पुढच्या महिन्यात जेमतेम एक भरता येईल. एक भरून उपयोग आहे का, की तिन्ही जमल्यावरच बँकेत जावं?

उत्तर: एकच भरा, पण भराच. थकबाकीचे दिवस सर्वांत जुन्या न भरलेल्या हप्त्यापासून मोजतात. भरलेले पैसे आधी त्या जुन्या हप्त्यात जमा होतात आणि मोजणी महिनाभर मागे सरकते. ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए (अनुत्पादक, म्हणजे थकीत कर्ज) ठरतं आणि नियम उलटतो: मग व्याजासह सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं पुन्हा नियमित होत नाही. तीन हप्ते साठवत बसलात तर नेमकी हीच रेषा ओलांडाल.

त्याबरोबर शाखेत लेखी अर्ज द्या: नोकरी गेल्याचं पत्र, सहा महिन्यांचं खाते-विवरण, सध्या दरमहा किती भरू शकता तो आकडा. पोचेचा शिक्का घ्या, कारण फोनवरचं आश्वासन पुढे सिद्ध करता येत नाही. मुदत वाढवून मागता येते, पण हिशोब बघूनच. ३० लाख शिल्लक, व्याज ९ टक्के, उरलेली वर्षं १५ असतील तर हप्ता सुमारे ३०,४३० रुपये. मुदत २० वर्षं केली तर सुमारे २६,९९०. महिन्याला साडेतीन हजारही वाचत नाहीत आणि एकूण व्याज मात्र दहा लाखांनी वाढतं. शिवाय अडचणीमुळे केलेली अशी फेररचना क्रेडिट अहवालात दिसते. तरीही घर जाण्यापेक्षा हे परवडलं.

प्रश्न: बँकेची ‘कलम १३(२)’ची नोटीस आली आहे. थकबाकी दोन लाखांची, मागणी मात्र पूर्ण २६ लाखांची. घर आता गेलंच का?

उत्तर: नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याखालची (बँकेला तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) ही पहिली पायरी आहे. तिच्यात पूर्ण कर्जाची मागणी असते आणि ६० दिवसांची मुदत मिळते. या मुदतीत लेखी हरकत घेता येते; बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. हरकत भावनिक नको, आकड्यांची हवी: कोणती रक्कम जमा धरलेली नाही, खातं एनपीए ठरवल्याची तारीख कशी चुकली, दंडावर व्याज लावलं आहे का. (दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर व्याज लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.) थकबाकी पूर्ण भरायची तयारी असेल तर तेही याच पत्रात तारखांसह लिहा.

रजिस्टर पत्र घ्यायचं नाकारलं तर नोटीस लागू होत नाही, हा समज चुकीचा आहे. ती दारावर डकवता येते, वर्तमानपत्रात छापता येते. तुमचे ६० दिवस मात्र वाया जातात.

त्यानंतर १३(४) खाली ताबा. आधी बहुधा कागदोपत्री: दारावर नोटीस आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे जाते. ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करता येतो. नुसत्या १३(२)च्या नोटिशीवर मात्र तिथे जाता येत नाही. महाराष्ट्रात डीआरटी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचं औरंगाबाद) आहेत. नुसता अर्ज केल्याने लिलाव थांबत नाही; स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि ती देताना काही रक्कम भरायला सांगितली जाऊ शकते.

प्रश्न: कर्ज फिटणं शक्य नाही. लिलावाआधी आम्हीच फ्लॅट विकला तर?

उत्तर: बऱ्याचदा हाच शहाणपणाचा मार्ग. लिलावात घेणारा राखीव (बँकेने ठरवलेल्या किमान) किमतीच्या आसपासच बोली लावतो, कारण ताब्याची कटकट त्याच्या माथी येऊ शकते. मात्र १३(२) ची नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विक्री करता येत नाही. कर्ज बंद करण्याची नेमकी रक्कम लेखी मागा (शाखेत याला ‘फोरक्लोजर लेटर’ म्हणतात, नाव ऐकून दचकू नका). ग्राहकाचे पैसे थेट कर्जखात्यात जातील असा करार करा आणि रोख विसार टाळा.

घाई मात्र करा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण रक्कम भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितलं. लिलाव झालाच, तर कर्ज आणि खर्च वजा जाता उरलेले पैसे तुमचे. कमी पडले तर फरक तुमच्याकडून वसूल होतो.

प्रश्न: आमचं कर्ज सहकारी बँकेचं आहे. हेच नियम?

उत्तर: हो, सरफेसी कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे; सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या २०२० च्या निकालानंतर त्याबद्दल वाद उरलेला नाही. पतसंस्थेचं असेल तर रस्ता वेगळा: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करायला सहकार निबंधकांनी दिलेला दाखला. तिथे निबंधकांसमोरच्या सुनावणीला हजर राहून हिशोबावर हरकत नोंदवा. दाखला निघाल्यावर ते फार अवघड होतं.