बर्फाळ धावपट्टीवर हलकी विमाने घसरतात, ती केवळ ब्रेकमुळे का?

बर्फावर उतरताना हलक्या विमानांचे अपघात ब्रेक न लागल्यामुळेच होतात का, आणि गोव्याच्या माणसाला या माहितीचा काही उपयोग आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी फोंड्याचा, वैमानिकाचा परवाना मात्र कॅनडात, ऐन हिवाळ्यात शिकून मिळवला. माझ्या मते ब्रेक हे कारण खरे असले तरी ते दुय्यम आहे.

थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर 50 नॉट (ताशी सुमारे 93 किलोमीटर) वेगाचे विमान घर्षणांक, म्हणजे चाकांच्या पकडीचे माप, 0.4 असताना सुमारे 85 मीटरांत थांबते आणि घर्षणांक 0.05 वर आला की त्यालाच जवळजवळ 675 मीटर लागतात. फरक मोठा आहे खरा. पण लांब धावपट्टीवर तेवढी जागा असते, आणि नाकासमोर सरळ घसरणारे विमान बहुधा वाचते.

घात होतो तो बाजूला घसरल्याने. जमिनीवर टेकलेल्या विमानाला वेग असेपर्यंत रडर (शेपटीवरचे उभे, हलते पाते) सरळ ठेवतो, वेग उतरल्यावर चाके. कोरड्या डांबरावर या दोघांच्या कामात खंड पडत नाही. बर्फावर मात्र मध्ये काही क्षण असे येतात, की रडरवरून वाहणारी हवा अपुरी पडू लागलेली असते आणि चाकांना जमिनीची पकड मिळालेली नसते. नेमका तेव्हाच आडवा वारा शेपटीला ढकलतो, नाक वाऱ्याकडे वळते, वैमानिक घाबरून ब्रेक दाबतो, आणि फिरायचे थांबलेल्या चाकाला विमान वळवण्याची ताकद उरत नाही. माझे विमान असेच कडेच्या बर्फाच्या ढिगात शिरले. इजा कोणाला झाली नाही, पण इंजिनाचा पंखा (प्रॉपेलर) वाकला आणि इंजिन उघडून तपासावे लागले.

त्या दिवशी तापमान शून्याच्या आसपास होते. आदल्या आठवड्यात उणे 20 अंशांत त्याच धावपट्टीवर चाके चांगली धरत होती. वितळू लागलेल्या बर्फावर पाण्याचा थर येतो, आणि तो बर्फ सर्वांत धोकादायक. पावसाळ्यात देवळाच्या तळीच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची धावपट्टीची स्थिती कळवण्याची जी पद्धत नोव्हेंबर 2021 पासून लागू आहे, तिच्यात कोरड्या धावपट्टीला 6, काचेसारख्या गोठलेल्या बर्फाला 1 आणि तोच बर्फ ओला असेल तर 0 हा अंक आहे, तो याचसाठी.

आणखी एक गोष्ट शिकवताना फारशी कोणी बोलत नाही. चिखलासारख्या पातळ बर्फातून उड्डाण केले, तर तो चाकांच्या आवरणात साचून वर गोठतो, आणि उतरताना चाके आधीच जाम झालेली असतात. म्हणून हिवाळ्यात पुष्कळ जण ती आवरणे काढूनच ठेवतात.

गोव्यात बर्फ नाही, पण जून ते सप्टेंबर पाणी आहे. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग, नॉटमध्ये, टायरच्या दाबाच्या वर्गमुळाच्या साधारण नऊपट असतो. दाब चौरस इंचाला 30 पौंड असेल तर सुमारे 49 नॉट. लहान विमान टेकते त्याच सुमाराचा हा वेग आहे. तेव्हाही चाके धरत नाहीत आणि आडवा वारा तेच करतो. म्हणून मी आजही धावपट्टीच्या लांबीआधी वाऱ्याची दिशा पाहतो, आणि टेकण्यापूर्वी विमान मध्यरेषेवर ठरत नसेल तर पुन्हा वर घेतो.