खोटी बातमी पुन्हा पुन्हा दिसली की ती खरी का वाटू लागते?

ओळखीचं वाक्य वाचायला मेंदूला कमी कष्ट पडतात आणि तो सोपेपणाच आपण खरेपणा समजून बसतो. हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं: दोन-दोन आठवड्यांनी तीच विधानं पुन्हा ऐकवली, तर ती लोकांना अधिक खरी वाटू लागली. ज्यांना खरी माहिती आधीच असते तेही यातून पूर्ण सुटत नाहीत, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात गंभीर वाटते.

सोशल मीडियाच्या फीडमुळे हे आणखी बळावतं. कोणाला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या अल्गोरिदमच्या लेखी रागाने केलेली कॉमेंटही प्रतिसादच असते. त्यामुळे ‘बघा, किती खोटं आहे’ म्हणत मूळ पोस्ट शेअर करू नका. त्याने ती आणखी लोकांपर्यंत जाते. खोडून काढायचंच असेल तर आधी खरी गोष्ट लिहा, खोटा दावा एकदाच सांगा, तो का चूक ते सांगा आणि शेवटी पुन्हा खरी गोष्ट लिहा.

फोटोबद्दल शंका आली तर गूगल लेन्सवर टाकून तो याआधी कुठे आणि कधी दिसला होता ते बघा. जुना फोटो नव्या घटनेला चिकटवणं ही नेहमीची चाल आहे. बातमी खरी की खोटी हे त्याच पेजवर ठरवत बसू नका, दुसऱ्या टॅबमध्ये इतरांनी काय छापलंय ते शोधा. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण दिसला तर तो मेसेज किमान पाच चॅटमधून फिरत आलेला असतो. पाठवणारा ओळखीचा असला तरी मजकूर बहुधा त्याचा नसतो, म्हणून ‘हे तुला कुठून आलं?’ असं त्याला सरळ विचारा.